नियंत्रण-फलकाच्या कळा व चित्रपटाचे रंग

छायायंत्रानें जसे रंग टिपले तसेच ते पडद्यावर येतात असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तसें नाहीं. एकाच प्रसंगाचे कांहीं तुकडे सकाळीं घेतलेले असतात, कांहीं दुपारीं. ते शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे एकाच मुलाचा सदरा एकदां निळसर व एकदां पिवळसर दिसतो. हा भेद मोडून सर्व तुकडे एकमेकांस जुळविणें, व मग प्रसंगास साजेल असा रंग देणें, यास कलर ग्रेडिंग म्हणतात. आपण त्यास रंगसंस्करण म्हणूं.

मराठी चित्रसृष्टीस या विषयाची पहिली ओळख झाली ती थोडी कडूच. कोल्हापुरास १९२९ सालीं निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३३ सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्याचा यत्न केला. चित्रण आपल्याकडे झालें, परंतु रंगीत प्रती काढण्यासाठीं फिल्म जर्मनीस न्यावी लागली, आणि उमटलेले रंग मनासारखे उतरले नाहींत. पुढें रसायनशाळांतून जी रीत रूढ झाली तींत पांढरा प्रकाश तांबडा, हिरवा व निळा अशा तीन झोतांत विभागीत, आणि प्रत्येक झोत किती सोडावयाचा याच्या पन्नास पायऱ्या ठरलेल्या असत. कारागीर एकेका तुकड्यासाठीं तीन आंकडे लिहून ठेवी. पुष्कळदां प्रत धुवून आल्यावरच त्यास आपली चूक कळे.

आज हें काम संगणकावर होतें. दा विंची रिझॉल्व्ह नांवाची जी प्रणाली यासाठीं विशेष प्रचलित आहे, तिची साधी आवृत्ति विनामूल्य मिळते. म्हणून औशास राहूनही ही विद्या शिकतां येते. तिच्या फलकावर प्रथम दृष्टीस पडतात ते तीन गोळे, व प्रत्येकाभोंवतीं एक कडें. डावा गोळा काळोख्या भागांचा, त्यास लिफ्ट म्हणतात. मधला मध्यम उजेडाचा, तो गॅमा. उजवा झगझगीत भागांचा, तो गेन. कडें फिरविलें कीं त्या भागाचा उजेड कमी-अधिक होतो; गोळा ज्या दिशेस लोटावा त्या रंगाकडे तो भाग झुकतो. या तिघांच्या सीमा बांधलेल्या नाहींत. एकाची हालचाल दुसऱ्यास जाऊन भिडते, म्हणून डावें, उजवें, पुन्हां डावें असें हळूहळू करीत जावें लागतें.

फलकच कशाला, माउसनें हें होत नाहीं काय? होतें, पण माउसनें एका वेळीं एकच गोष्ट हलते, आणि डोळे बाणाच्या मागें धांवतात. फलकावर दोन्ही हात एकदम चालतात व डोळे चित्रावर राहतात. पेटी वाजविणारा पट्ट्यांकडे पाहत बसला तर गाणें कोण ऐकणार?

आतां आमचाच एक अनुभव सांगतों. गत वर्षीं आमच्या मुलांनीं औशाच्या भुईकोट किल्ल्यावर एक लहानसें चित्र घेतलें. सकाळच्या तुकड्यांवर निळसर झांक होती. निळ्याच्या समोरचा रंग पिवळा. म्हणून गेनचा गोळा थोडा पिवळ्याकडे लोटतांच तटाचा दगड दगडासारखा दिसूं लागला. येथवर ठीक झालें. मग मुलांचे चेहरे मला काळवंडलेले वाटले, व मीं गॅमाचें कडें बिनदिक्कत वर फिरविलें. चित्र दाखविलें त्या दिवशीं एका मुलाची आई म्हणाली, “सर, माझं लेकरू इतकं गोरं कधीं झालं?” ती हंसत होती, मला मात्र हंसूं आलें नाहीं.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे, पण त्यानें ती लहान होत नाहीं. अमेरिकेंतील कोडॅक कंपनी रसायनशाळांना रंग जुळविण्यासाठीं जीं नमुनाचित्रें देई, त्यांवर कित्येक वर्षें गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. त्यांस शर्ली कार्ड म्हणत. सांवळ्या मनुष्याचा चेहरा त्या मापानें नीट उतरत नसे. आजच्या प्रणालींत व्हेक्टरस्कोप नांवाचें एक वर्तुळ असतें. त्यांत मनुष्याच्या कातडीचा रंग, गोरा असो वा काळा, बहुधा एकाच रेघेच्या आसपास पडतो, कारण कातडीखालचें रक्त सर्वांचें तांबडेंच. भेद असतो तो मुख्यतः उजेडाचा. तेव्हां रंगाची झांक काढण्यास हरकत नाहीं, परंतु उजेड ज्याचा त्यास ठेवावा.

दुसऱ्या खेपेस मीं दोन कळांचा आश्रय केला. एका कळेनें जुळलेल्या तुकड्याचें स्थिरचित्र सांठवितां येतें; तें अर्ध्या पडद्यावर ठेवून दुसरा तुकडा त्याशीं ताडून पाहावा. दुसरी कळ बायपासची. ती दाबली कीं सर्व संस्कार क्षणभर दूर होऊन मूळ चित्र समोर येतें. डोळा कोणत्याही रंगास लौकर सरावतो, म्हणून ही कळ वारंवार दाबावी, आणि मधून मधून खिडकीबाहेर पाहावें.

ज्यांजवळ फलक नाहीं त्यांस संगणकाच्या आंकड्यांच्या कळाही चालतात. त्यांवर तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग एकेक पायरीनें वाढवितां वा उतरवितां येतात. जुन्या रसायनशाळेंतील त्या पन्नास पायऱ्यांचाच हा नवा अवतार आहे. आमच्या मुलांनीं शेवटचे दोन तुकडे त्यांवरच जुळविले.