शेण कालवायचं कुणी? : पर्यायी ऊर्जेचा जमाखर्च

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त खानापूर तालुक्यातील एका गावी आठवडाभर राहण्याचा योग आला. सकाळी श्रमदान आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर व्याख्यान, असा शिरस्ता होता. 'घरासाठी व वाहनासाठी पर्यायी ऊर्जा' हा विषय माझ्या वाट्याला आला, तो केवळ मला मराठी व कन्नड दोन्ही बोलता येते म्हणून. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मिथेन वायूवर बोलावे, याचे मलाच हसू येत होते.

मी भाषण पाठ करून गेलो होतो. कोळसा व खनिज तेल यांचे साठे, सूर्याची अक्षय शक्ती, गोबर गॅसचे फायदे, सारे ओळीने सांगितले. मध्येच कन्नडमध्ये वळून 'होगे इल्ल', म्हणजे धूर नाही, असेही ठासून सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ते सगळं बरं हाय, बाळा. पण शेण कालवायचं कुणी? तू येणार हैस काय?"

कट्टा हसला. मीही हसलो, पण उत्तर माझ्याजवळ नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली तयारी होय.

या विषयाकडे पुन्हा वळण्याचे दुसरेही एक कारण आहे. आमच्या घरामागे काकांनी बांधलेला, आज बंद पडलेला गोबर गॅस आहे. विहिरीसारखा गोल खड्डा आणि त्यात पालथी तरंगणारी लोखंडी टाकी, असा तो जुना नमुना. जशभाई पटेल यांच्या आराखड्यावरून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकापासून देशभर पसरविलेला नमुना तो हाच. गॅस साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. त्यामुळे किती गॅस शिल्लक आहे हे स्वयंपाकघरातल्या खिडकीतून दिसते. याहून सोपा ताळेबंद मी अद्याप पाहिलेला नाही! दोष एकच. गॅसमध्ये अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो, बाहेरून पाऊस आणि आतून ओल असते, त्यामुळे टाकी गंजते. तिला दरवर्षी रंग द्यावा लागतो. आमच्याकडे दोन वर्षे रंग चुकला, तिसऱ्या वर्षी भोक पडले. पुढे दोन जनावरे विकली गेली आणि खड्डा तसाच राहिला. १९८४ साली आलेल्या 'दीनबंधू' नमुन्यात लोखंडी टाकीच नाही. जमिनीखाली विटांचा घुमट असतो. त्यात गंजण्यासारखे काही नाही, मात्र गवंडी तरबेज हवा. घुमटाला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो.

आता आतील क्रिया पाहू. शेण व पाणी समभाग कालवून टाकीत सोडतात. हवा नसलेल्या ठिकाणी जंतू ते कुजवितात आणि त्यातून वायू निघतो. त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड. जळतो तो मिथेन. आपल्या भागात आज घातलेले शेण काही आठवडे आत राहील अशा बेताने टाकीचा आकार ठरवितात. जंतूंना ३० ते ३५ अंशांची ऊब मानवते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी पडतो. त्या दिवसांत पहाटेऐवजी दुपारी, उन्हात कोमट झालेल्या पाण्याने शेण कालवावे. साबणाचे किंवा फिनेलचे पाणी त्यात जाऊ देऊ नये, जंतू मरतात. वाळू आणि गवताच्या काड्याही काढाव्यात. नव्या टाकीचा पहिला गॅस जळत नाही, कारण त्यात मिथेन थोडा असतो. तो सोडून द्यावा लागतो. हे कुणी न सांगितल्यामुळे 'पैसे बुडाले' म्हणून पहिल्या महिन्यातच हताश होणारे लोक असतात.

आता माझ्या शाखेचा भाग. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. गाय दिवसाला सुमारे १० किलो, गोठ्यात बांधलेली म्हैस १५ किलो शेण देते. दोन गाई व दोन म्हशी असल्या तर ५० किलो शेण, म्हणजे रोज २ घनमीटर गॅस. एक घनमीटर गॅस सुमारे ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसचे काम करतो. महिन्याला ६० घनमीटर म्हणजे जवळजवळ २६ किलो, अर्थात १४.२ किलोचे पावणेदोन सिलिंडर. पुस्तकी हिशेब येथे थांबतो आणि 'एवढी बचत' असे जाहीर करतो. पण मित्रहो, बचत निघालेल्या गॅसची होत नाही, न आणाव्या लागलेल्या सिलिंडरची होते. घरात महिन्याला सव्वाच सिलिंडर लागत असेल, तर बचतही सव्वाचीच. सिलिंडर ९०० रुपये धरला तर महिना ११२५, वर्षाचे १३,५०० रुपये. दुरुस्तीला दीड हजार बाजूला ठेवू, उरले १२,०००. बांधकामाला ५०,००० रुपये आले असे समजल्यास भांडवल वसूल व्हायला चार वर्षे दोन महिने लागतात. बाहेर पडणारी स्लरी उकिरड्यातल्या खतापेक्षा सरस असते, ती या हिशेबात धरलेली नाही.

आणि जे घर रानातल्या फुकटच्या लाकडावर चालते त्याचे काय? तेथे रोख बचत शून्य. तिथे वाचतो तो धूर आणि मोळीची पायपीट, आणि या दोन्ही रकमा कुठल्याच वहीत नाहीत. उलट गोबर गॅस आला की ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी रोज कालवायचे काम वाढते. पैसे वाचतात ते कर्त्या पुरुषाच्या खिशात; श्रम जमा होतात ते घरातल्या बाईच्या नावावर. आजींनी विचारले होते ते नेमके हेच. आम्ही अर्थशास्त्रात 'संधी खर्च' शिकतो, गुण मिळवितो. त्यांनी तो एका वाक्यात मांडला.

सौरशक्तीच्या बाबतीत हिशेब निराळा लागतो. सूर्यबंबाचे गणित सोपे आहे: १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट वीज लागते. तेवढी रोज वाचते. मात्र बेळगावच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हंड्याखाली जाळ घालावाच लागतो.

छपरावरच्या सौर पट्ट्यांची कथा मात्र विचार करायला लावणारी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान मिळते. ३ किलोवॅट वा त्याहून अधिक असल्यास एकूण ७८,०००. आता दोन घरे घेऊ. एक बेळगावचे, दुसरे सीमेपलीकडे चंदगडचे, पाहुणे एकमेकांचेच. दोघांना महिना १८० युनिट लागतात. दोघांनी २ किलोवॅटचा संच बसविला, किंमत १,२०,००० धरली, अनुदान ६०,००० मिळाले, पदरचे ६०,००० गेले. एक किलोवॅट सरासरी दिवसाला ४ युनिट देतो, म्हणजे दोघांचीही गरज भागते. चंदगडच्या घराचा दर युनिटला ८ रुपये धरला तर महिना १४४० वाचतात आणि साडेतीन वर्षांत रक्कम फिटते. बेळगावच्या घराचे काय वाचते? कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली, आधीच्या सरासरी वापरात १० टक्के मिळवून, २०० युनिटच्या मर्यादेत वीज मोफत आहे. ज्यांचे बिलच शून्य, त्यांची बचतही शून्य. एक सरकार पट्ट्या बसवा म्हणून पैसे देते, दुसऱ्याच्या योजनेमुळे त्या बसविण्याचे कारण उरत नाही. मी गृहज्योतीच्या विरुद्ध नाही. आमच्या घरीही तिचा लाभ मिळतो आणि आईला त्याचे समाधान आहे. पण कट्ट्यावर उभे राहून बेळगावच्या माणसाला 'सौर पट्ट्यांनी तुमचे बिल वाचेल' असे सांगणे म्हणजे खोटा ताळेबंद वाचून दाखविणे. दर महिन्याला २०० च्या वर जाणाऱ्या घराला, दुकानाला, पिठाच्या गिरणीला जरूर सांगावे.

वाहनांकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातला ऊस आज पेट्रोलच्या टाकीत जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास २००३ साली ५ टक्क्यांनी प्रारंभ झाला, २०२२ मध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत मजल गेली. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असल्यामुळे २० टक्के मिश्रणात उष्णता सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते. कारखान्याला व शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले हे खरे. स्कूटरवाल्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मोकळाच आहे.

विजेच्या स्कूटरविषयी वर्गात रोज वाद होतात, म्हणून आकडे मांडतो. पेट्रोल लिटरला १०० रुपये व ५० किलोमीटर धरले तर किलोमीटरला २ रुपये. विजेच्या स्कूटरला १०० किलोमीटरला, भरतानाची घट धरून, ४ युनिट. ८ रुपयांनी ३२ रुपये, म्हणजे किलोमीटरला ३२ पैसे. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्या विद्यार्थ्याचे ८४० रुपये वाचतात. पण बॅटरी हे झिजणारे यंत्र आहे, त्यावर घसारा आकारायलाच हवा. नवी बॅटरी ६०,००० व आयुष्य ८ वर्षे धरल्यास महिना ६२५ रुपये. उरले २१५! हाच हिशेब महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्या दूधवाल्यासाठी केला तर १८९५ उरतात. इंजिनाचे ऑइल व देखभाल वाचते ती वेगळी. तेव्हा जो जास्त फिरतो त्याने आधी घ्यावी. आपण कॉलेजला येणाऱ्यांनी बसच्या पासला नावे ठेवू नयेत. आणि ती दिवसा भरावी हे बरे. दिवसाच्या विजेत पावगडच्या सौर उद्यानाचा वाटा असतो, रात्री रायचूरच्या कोळशाचा भार वाढतो.

हे सारे आकडे घेऊन मी दिवाळीच्या सुटीत घरी बसलो. आता गोठ्यात दोनच म्हशी आहेत. ३० किलो शेण, सव्वा घनमीटरच्या आत गॅस. जुना खड्डा त्या मानाने फार मोठा. एक घनमीटरचा घुमट बांधला तर चारजणांच्या स्वयंपाकापुरता गॅस होईल आणि सिलिंडर पाहुण्यांसाठी राहील. काकांनी वही पाहून मान डोलावली. काकूंनी वही पाहिलीच नाही. त्या म्हणाल्या, "बांधा की. पण सकाळचं शेण-पाणी तुम्ही दोघं बघणार असलात तरच." काका सहा वाजता उठायला कबूल झाले, सुटीच्या दिवशी मी. गवंडी मार्चमध्ये येणार आहे.