कारल्याचा रस आणि मधुमेहाची गोळी

"डॉक्टर, कारल्याचा रस सुरू केलाय, गोळी बंद करू का?" असे माझे पेशंट नेहमी विचारतात.

स्नायूंच्या पेशीत साखर नेणारे 'ग्लुट-४' हे प्रथिन एरवी पेशीत दडून असते. इन्सुलिन त्याला पृष्ठभागावर आणते. कारल्यातून वेगळी काढलेली काही द्रव्येही 'एएमपीके' या विकराला चेतवून हेच करतात, असे २००८ साली शांघाय व सिडनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. (भरभर चालण्यानेही हेच विकर चेतते, तेही फुकटात!) मात्र ते प्रयोग पेशींवर व उंदरांवर झाले. शिवाय गोळीतले औषध मोजलेले असते, पेल्यातला रस नव्हे.

भाजी खुशाल खा. गोळी, इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. गोळीवर रसही घेतलात आणि दरदरून घाम, थरथर सुटली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या.