कालव्याच्या काठाने : गंगेच्या कालव्यावरून एक भूगोलपाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)



नकाशावर नदी निळ्या रेघेने दाखवितात आणि कालवाही रेघेनेच दाखवितात. नदी आपली वाट आपण शोधते. कालव्याची वाट मात्र माणसाला शोधावी लागते, हा भेद त्या रेघेवरून मुलांच्या ध्यानी येत नाही. तो ध्यानी आणून देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कालव्याच्या काठाने सावकाश चालणे. मोटारीतून जाणाऱ्यास पाणी दिसते. पायी चालणाऱ्यास उतार, मोरी, चारी आणि शेत ही सर्व एकामागून एक दिसतात. या पाठात उत्तर हिंदुस्थानातील गंगेच्या कालव्याच्या काठाने आपण मनाने फिरून येऊ व नंतर तीच दृष्टी आपल्या गावच्या पाटाकडे वळवू.

कालवा का झाला?

गंगा व यमुना यांच्या मधल्या सपाट मुलखास दुआब म्हणतात. सन १८३७-३८ मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे आठ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. दोन्ही बाजूंनी बारमाही नद्या वाहत असता मधली माणसे अन्नावाचून मेली, कारण नद्या खाली होत्या आणि शेते वर होती. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. पाणी जवळ असणे आणि पाणी शेतात येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथेच त्यांस कळते.

हा कालवा प्रोबी कॉटले या अधिकाऱ्याने योजिला. सुमारे सहा महिने पायी व घोड्यावरून तो मुलूख पालथा घालून त्याने मोजणी केली. म्हणजे कालव्याची पहिली ओळख चालण्यानेच झाली. खोदाईस १८४२ मध्ये आरंभ झाला व ८ एप्रिल १८५४ रोजी रुडकी येथे कालव्यात पाणी सोडण्यात आले. मुख्य कालवा सुमारे ३४८ मैल (५६० किलोमीटर) व त्याच्या शाखा सुमारे ३०६ मैल (४९२ किलोमीटर) लांबीच्या होत्या.

हरिद्वार ते रुडकी : ओढ्यांशी गाठ

कालवा हरिद्वारजवळ गंगेतून निघतो. रुडकीपर्यंतच्या वाटेवर शिवालिक टेकड्यांतून येणारे ओढे त्यास आडवे येतात. पावसाळ्यात या ओढ्यांना दांडगे पूर येतात. कालवा जसजसा पुढे जातो, तसतशी या ओढ्यांशी त्याची गाठ तीन निरनिराळ्या प्रकारे पडते.

राणीपूर व पथरी येथे ओढा कालव्याच्या डोक्यावरून नेला आहे. धनौरी येथे रतमाऊ नदी व कालवा एकाच पातळीवर भेटतात. नदीचे पाणी एका बाजूने येते व दरवाजांतून दुसऱ्या बाजूने जाते. रुडकीजवळ सोलानी नदीचे खोरे खोल असल्यामुळे कालवा पुलावर चढवून नदीवरून नेला. या जलसेतूस प्रत्येकी ५० फूट रुंदीच्या १५ कमानी आहेत. विटा, चुना व सुरखी यांनी तो बांधला. भरावाची माती वाहण्यासाठी १८५१ मध्ये रुडकी येथे वाफेचे इंजिन चालविले गेले. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली ती त्यानंतर, १८५३ मध्ये. सेतूजवळ कालव्याच्या काठावर सिंहांच्या भव्य मूर्ती बसविल्या आहेत.

ओढा वर, ओढा समोरासमोर, ओढा खाली, या तीन आकृती फळ्यावर क्रमाने काढाव्यात. वर्णनापेक्षा मुलांना त्या लवकर समजतात.

रुडकीच्या पुढे : सपाट दिसणारी जमीन

रुडकी सोडून मंगलौरच्या दिशेने काठाने चालू लागले म्हणजे देखावा पालटतो. दोहो बाजूंस ऊस व गहू यांची शेते, काठावर शिसवीसारखी झाडे, मध्ये संथ दिसणारे पण वेगाने वाहणारे पाणी. टेकडी नाही, चढ नाही. श्रावणात याच काठाने हजारो यात्रेकरू हरिद्वारचे गंगाजल कावडीत घेऊन गावोगावच्या शिवमंदिरांकडे चालत जातात. तिकडचा श्रावण आपल्याहून पंधरा दिवस आधी सुरू होतो, हेही सांगावे.

ही जमीन खरोखर सपाट असती, तर पाणी पुढे गेलेच नसते. येथे कालव्याच्या तळास उतार आहे, पण तो मैलाला फूट-दीड फूट इतकाच. वर्गात हिशेब करावा : एक मैल म्हणजे ५,२८० फूट. मैलाला दीड फूट उतार धरल्यास ३० फूट लांबीच्या वर्गखोलीत किती उतार येईल? उत्तर सुमारे एक दशांश इंच येते. डोळ्यांस न दिसणारा हा उतार पाण्यास मात्र कळतो.

जमिनीचा स्वाभाविक उतार कालव्याच्या उतारापेक्षा अधिक आहे. म्हणून ठिकठिकाणी पाण्यास पायरी उतरावी लागते. या पायरीस तिकडे ‘झाल’ म्हणतात. रुडकीजवळ आसफनगर येथे अशी एक झाल आहे. या पडत्या पाण्यावर पूर्वी पिठाच्या चक्क्या चालत. पुढे महंमदपूर, निरगाजनी, सलावा, भोला इत्यादी ठिकाणी वीजघरे झाली. आरंभी ठेवलेला उतार काही भागांत अधिक ठरला, पाण्याने तळ खरवडला व पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्या. उतार कमी पडला तर गाळ साचतो, अधिक झाला तर तळ खणला जातो.

कालवा कोठून नेला आहे, हेही पाहण्याजोगे आहे. तो दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरून नेला आहे. म्हणून त्याच्या चाऱ्या दोन्ही बाजूंस उतरतात. आपल्याकडे मुठा व नीरा यांचे कालवे नदीच्या खोऱ्यात, उंच बाजूच्या कडेकडेने वळणे घेत जातात. त्यांचे पाणी बहुधा नदीकडच्या एकाच बाजूस उतरते. वरच्या बाजूचे रान जिरायत राहते. एकाच काठावर उभे राहून डावीकडे ऊस व उजवीकडे बाजरी दिसते, त्याचे कारण हे.

पाण्याचे दुसरे अंग

कालव्याने दुआबात धान्य पिकले, हे खरे. पण केवळ गुणगान केल्यास पाठ अपुरा राहील. जेथे पाण्याचा निचरा अडला, तेथे भूजल वर आले, जमिनी पाणथळ झाल्या, पृष्ठभागावर पांढरा क्षार फुलला आणि हिवतापही वाढला. त्या क्षारास तिकडे ‘रेह’ म्हणतात. आपल्याकडे नीरेच्या कालव्याखालीही अशा चोपण जमिनी झाल्या आहेत. पाणी आणण्याची जेवढी व्यवस्था, तेवढीच ते काढून देण्याची व्यवस्था हवी. मुले शेतकऱ्यांची आहेत. हे ज्ञान त्यांस परीक्षेनंतरही लागणार आहे.

दुसरी गोष्ट वाटपाची. कालव्याच्या मुखाजवळच्या शेतास पाणी आधी मिळते, शेपटाकडच्यास मागून. वरच्याने पाळीपेक्षा जास्त वेळ दार उघडे ठेवले, तर खालच्याचे पीक वाळते. वरच्यास खालचा दिसत नाही, म्हणून हा अन्याय त्याच्या मनास बोचत नाही. काठाने शेवटपर्यंत चालत गेलेल्या मुलास मात्र तो दिसतो.

आपल्या गावी सहल

जवळच्या पाटाची अथवा चारीची दोन-तीन तासांची सहल काढावी. मोठ्या कालव्याच्या कडा निसरड्या असतात व अस्तर केलेल्या कालव्यातून पडलेल्यास वर चढता येत नाही. म्हणून मुलांना पाण्याकडील बाजूस जाऊ देऊ नये. ओळीच्या पुढे व मागे मोठी माणसे असावीत. पोहण्यास सक्त मनाई करावी. पुढील प्रयोग घोट्याएवढ्या पाण्याच्या शेतचारीवरच करावा.

चारीच्या काठाने १०० फूट अंतर मोजून दोन खुणा कराव्यात. वरच्या खुणेपाशी एक पान सोडून ते खालच्या खुणेपर्यंत येण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. तीनदा मोजून सरासरी काढावी व वेग सांगावा. पान पृष्ठभागावर तरंगते. तळाशी व कडेला पाणी त्याहून सावकाश चालते, हे समजावून द्यावे.

परतल्यावर प्रत्येकाने चाललेल्या वाटेचा नकाशा काढावा. त्यात मोऱ्या, दारे, बागायत, जिरायत आणि चोपण जमीन निरनिराळ्या खुणांनी दाखवावी. शक्य असल्यास पाटकऱ्यास वर्गात बोलावून पाळी कशी ठरते ते त्याच्याच तोंडून ऐकावे.

स्वाध्याय

१. दोन नद्यांच्या मध्ये राहूनही दुआबातील लोकांस दुष्काळ का सोसावा लागला?
२. ओढा व कालवा यांची गाठ तीन प्रकारे कशी पडते? आकृत्या काढा.
३. गंगेच्या कालव्याच्या चाऱ्या दोन्ही बाजूंस जातात, आपल्याकडील बहुधा एकाच बाजूस. कारण सांगा.
४. तुमच्या चारीवर सर्वांत शेवटचे शेत कोणाचे? त्यास गेल्या पाळीस पाणी केव्हा मिळाले? त्यांस विचारून लिहा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे तपासताना घाई करू नये. मुखाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याची मुलगी एकाच बाकावर बसत असतील. दोघांच्या वह्या शेजारी ठेवून वर्गापुढे वाचाव्यात आणि पाळी कशी असावी याची चर्चा मुलांनाच करू द्यावी.