मतदानाची पूर्वतयारी



शेतकरी आकाशात ढग जमल्यावर नांगर शोधावयास निघत नाही. मृग येण्यापूर्वीच त्याची नांगरट झालेली असते, बियाणे निवडून ठेवलेले असते आणि बांधही दुरुस्त झालेले असतात. मतदानाची गोष्ट अशीच आहे. मत देण्याचा दिवस एक असतो आणि त्या दिवशीचे काम चार-दोन मिनिटांचे असते. परंतु त्या चार-दोन मिनिटांचा अधिकार काही महिने आधीच हाती घेऊन ठेवावा लागतो. ज्याने तो घेतला नाही, त्याची स्थिती तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यासारखी होते. आपल्या गोव्याच्या विधानसभेची निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून या पूर्वतयारीचा विचार करू.

यादीत नाव हेच पहिले पाऊल

भारतीय संविधानाच्या 326 व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकास मताधिकार दिला आहे. त्यासाठी शिक्षणाची, मालमत्तेची, जातीची किंवा धर्माची अट नाही. प्रारंभी प्रौढत्वाची मर्यादा 21 वर्षे होती. 61 व्या घटनादुरुस्तीने ती 18 वर आली व हा बदल 28 मार्च 1989 पासून अमलात आला. परंतु अधिकार असणे आणि तो बजावता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मतदान केंद्रावरील अधिकारी आपले वय वा विद्वत्ता पाहात नाही. तो प्रथम मतदार यादी पाहतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? यादीत नाव नसेल, तर खिशातील मतदार ओळखपत्रसुद्धा निरुपयोगी ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत घडले. 1951-52 साली झालेल्या त्या निवडणुकीसाठी पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली 17 कोटींहून अधिक मतदारांच्या याद्या तयार झाल्या. नावे टिपून घेण्यास माणसे दारोदार गेली, तेव्हा कित्येक प्रांतांतील स्त्रियांनी आपले स्वतःचे नाव सांगितले नाही. परक्या पुरुषापुढे नाव घेऊ नये अशी रूढी होती. म्हणून 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढीच नोंद झाली. नाव नाही तो मतदार नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली व सुमारे 28 लाख स्त्रियांच्या नोंदी यादीतून वगळल्या गेल्या. संविधानाने त्यांना जे दिले होते, ते एका न सांगितलेल्या नावापायी त्यांच्या हातून निसटले.

गोमंतकीयांचा मताधिकार

आपल्या गोव्याला तर हा अधिकार आणखी उशिरा लाभला. पोर्तुगीज राजवटीत सर्व प्रौढांना मताचा हक्क नव्हता. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि 9 डिसेंबर 1963 रोजी गोवा, दमण व दीव यांच्या विधानसभेसाठी येथे पहिले मतदान झाले. पुढे 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल घेण्यात आला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, हा प्रश्न थेट जनतेपुढे ठेवला गेला. विलीनीकरणासाठी 'फूल' आणि वेगळेपणासाठी 'दोन पाने' अशी चिन्हे होती. 1,72,191 मते दोन पानांना व 1,38,170 मते फुलाला पडली. कोणती बाजू योग्य होती, हा आजच्या पाठाचा विषय नव्हे. आपल्या भूमीचे राजकीय भवितव्य मताच्या पेटीतून ठरले, ही गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या घरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 30 मे 1987 रोजी गोवा हे स्वतंत्र घटकराज्य झाले आणि 1989 पासून विधानसभेत 40 सदस्य निवडून येऊ लागले.

एका मताने काय होते?

'माझ्या एकट्याच्या मताने काय होणार?' हा प्रश्न पुष्कळांच्या तोंडी असतो. गोव्यात त्याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. आपले मतदारसंघ लहान आहेत. एका मतदारसंघात सरासरीने 30 हजारांहूनही कमी मतदार असतात. 2022 च्या निवडणुकीत फोंडा मतदारसंघाचा निकाल 77 मतांनी लागला आणि सांत आंद्रे मतदारसंघाचा 76 मतांनी. एका वाड्यावरची चार-पाच मोठी कुटुंबे आणि त्यांचे शेजारी मिळून एवढी मते सहज होतात! शेजारच्या कर्नाटकात 2004 साली संतेमरहळ्ळी येथे, तर राजस्थानात 2008 साली नाथद्वारा येथे उमेदवार केवळ एका मताने पराभूत झाले. त्या दिवशी घरी राहिलेल्या प्रत्येक मतदाराला, 'मी गेलो असतो तर?' हा प्रश्न आयुष्यभर पुरला असेल.

दिनदर्शिका काय सांगते?

विधानसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची असते. 2022 साली निवडलेल्या गोवा विधानसभेची मुदत मार्च 2027 मध्ये पूर्ण होते. यास्तव निवडणूक साधारणतः केव्हा येणार, हे आधीच ओळखता येते. तरीही घोषणा झाल्यावर हाती फारसे दिवस राहात नाहीत. 2022 चेच वेळापत्रक पाहा: 8 जानेवारीस घोषणा, 21 जानेवारीस अधिसूचना, 28 जानेवारी ही उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख आणि 14 फेब्रुवारीस मतदान. कायद्याप्रमाणे उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घालता येत नाही. म्हणजे मतदानाच्या 17 दिवस आधीच यादीचे दार बंद झाले होते. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकत घेण्यास मुदत द्यावी लागते. म्हणून अर्ज त्याच्याही पुष्कळ आधी पोहोचलेला बरा.

आता वयाचे गणित पाहू. पूर्वी वर्षातून 1 जानेवारी हीच एक अर्हता तारीख होती. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. त्या तारखेस 18 वर्षे पूर्ण असलेला नागरिक नोंदणीस पात्र ठरतो. समजा, एका विद्यार्थ्याचा जन्म 28 डिसेंबर 2008 चा आहे व त्याच्या मित्राचा 3 जानेवारी 2009 चा. पहिला 1 जानेवारी 2027 रोजी पात्र ठरतो. दुसऱ्यास 1 एप्रिलपर्यंत थांबावे लागते. निवडणूक मागच्याप्रमाणेच फेब्रुवारीत झाली, तर पहिला मत देईल आणि दुसरा पाहात राहील. पात्र असलेल्याने मात्र वाढदिवसाची वाट पाहू नये. 17 वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो.

कोणता अर्ज कोणासाठी?

नव्या मतदाराने 'नमुना 6' भरावा. त्यासोबत छायाचित्र, जन्मतारखेचा व राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा द्यावा लागतो. घर बदलले, लग्नानंतर नाव बदलले किंवा नोंदीत चूक असली, तर 'नमुना 8' वापरावा. मृत वा स्थलांतरित व्यक्तीचे नाव काढण्यास 'नमुना 7' आहे. हे अर्ज आपल्या भागातील मतदान केंद्र स्तरीय अधिकाऱ्याकडे, मतदार नोंदणी कार्यालयात किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर देता येतात. 1950 या दूरध्वनी क्रमांकावर माहितीही मिळते.

नाव कोठे असावे, याविषयी आपल्याकडे बराच गोंधळ असतो. सत्तरीत वडिलोपार्जित घर आणि नोकरीनिमित्त पणजीत बिऱ्हाड, अशी अनेक कुटुंबे आहेत. कायदा म्हणतो की मतदार जेथे सामान्यतः राहतो, तेथे त्याची नोंद व्हावी. केवळ घराची मालकी पुरेशी नाही. तसेच चार दिवस परगावी गेल्याने गावचा अधिकार बुडत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणे मात्र कायद्यास संमत नाही, आणि खोटे निवेदन करणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

ज्यांनी पूर्वी अनेकदा मत दिले आहे, त्यांनीही निश्चिंत राहू नये. ऑक्टोबर 2025 मध्ये निवडणूक आयोगाने बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. त्यांत गोव्याबरोबर मध्य प्रदेश आणि गुजरातही होते; म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर व बडोदे येथील आपल्या मराठी बांधवांनाही ते लागू झाले. घरोघरी दिलेला गणना-अर्ज ज्यांनी परत केला, त्यांचीच नावे प्रारूप यादीत घेण्याची पद्धत त्यात होती. तेव्हा 'माझे नाव असणारच' असे न म्हणता, प्रत्येकाने यादी उघडून आपल्या डोळ्यांनी पाहावी.

वृद्ध आणि परदेशस्थ

घरातील वृद्धांचा विचार विशेष आस्थेने करावा. 85 वर्षांवरील मतदारांस, तसेच 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांस घरबसल्या टपाली मत देण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी 'नमुना 12-ड' हा अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. तो हुकला, की आजीला मतदान केंद्रापर्यंत न्यावेच लागेल.

गोव्यातील अनेक घरांतील कोणी ना कोणी आखाती देशांत किंवा जहाजावर असतो. परदेशी राहणारा भारतीय नागरिक 'नमुना 6-अ' भरून नाव नोंदवू शकतो. पण त्यास मतदानासाठी स्वतः येथे यावे लागते. म्हणून रजेचा विचार आधीच व्हावा. ज्याने पोर्तुगालचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले, तो भारताचा नागरिक राहात नाही आणि म्हणून मतदारही राहात नाही, हेही स्पष्ट समजून घ्यावे.

मत कोणास द्यावे?

हे कोणी कोणास सांगू नये. मतदान गुप्त ठेवण्यामागील हेतूच तो आहे. परंतु विचार कसा करावा, हे सांगता येते. शाळा, रुग्णालये, रस्ते, पोलीस, शेती, पाणी व जमीन यांविषयीचे बरेचसे निर्णय राज्याकडे असतात. तेव्हा आपल्या गावाची गरज प्रथम कागदावर लिहावी आणि मग उमेदवार पाहावेत. प्रत्येक उमेदवारास उमेदवारी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात त्याच्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्जे व शिक्षण यांची माहिती असते आणि ती कोणासही वाचता येते. भाजी घेताना आपण चार वांगी उलटसुलट करून पाहतो. पाच वर्षांचा प्रतिनिधी निवडताना चार पाने वाचण्याचा आळस का करावा? एकही उमेदवार पसंत नसेल, तर 2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही यंत्रावर आहे. पैसा, दारू वा वस्तू घेऊन दिलेले मत हे मत नव्हे; तो पाच वर्षांचा सौदा होय, आणि त्यात विकणाराच नाडला जातो.

प्रत्यक्ष दिवस

मतदान केंद्र कोणते, यादीतील अनुक्रमांक कोणता आणि ओळखीचा कागद कोणता न्यावयाचा, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. आस्थापनांत काम करणाऱ्या मतदारांस त्या दिवशी भरपगारी सुटी देण्याची तरतूद कायद्यात आहे. सकाळी लवकर जावे. केंद्र बंद होण्याच्या वेळी रांगेत असलेल्यांना मात्र मत देऊ दिले जाते. म्हणून उशीर झाला तरी रांग सोडू नये. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी नीट पाहावी. 2017 साली सर्व मतदान केंद्रांवर ही चिठ्ठीची यंत्रे वापरणारे गोवा हे पहिले राज्य ठरले होते.

विद्यार्थ्यांचे काम

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचे वय अद्याप 18 नाही. तरीही या कार्यात तुम्हांस फार मोठे स्थान आहे. घरातील लिहिते-वाचते हात तुमचे आहेत. एका वहीत घरातील प्रत्येक प्रौढाचे नाव, यादीतील अनुक्रमांक, मतदान केंद्र आणि काही दुरुस्ती असल्यास ती लिहून काढा. आईचे नाव माहेरच्या यादीत राहिले नाही ना, आजोबांचे आडनाव चुकले नाही ना, शेजारच्या एकट्या वृद्धेस अर्ज भरून देणारे कोणी आहे ना, हे पाहा. 1951 साली त्या 28 लाख घरांच्या उंबरठ्यावर आईचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहून देणारी एखादी शाळकरी मुलगी असती, तर त्या माउलीचा पहिलाच मताधिकार वाया गेला नसता. आज प्रत्येक घरात ती मुलगी आहे, तो मुलगा आहे. मोठ्यांना त्यांचा अधिकार मिळवून देणाऱ्या मुलांना उद्या आपला अधिकार कोणी शिकवावा लागणार नाही.

स्वाध्याय

1. तुमच्या जन्मतारखेवरून तुम्ही कोणत्या अर्हता तारखेस मतदार होण्यास पात्र ठराल, ते काढा.
2. घरातील सर्व प्रौढांची नावे मतदार यादीत शोधा व आढळलेल्या चुका नोंदवा. कोणत्या चुकीस कोणता नमुना लागेल?
3. तुमच्या मतदारसंघात मागील विधानसभा निवडणुकीत विजयी उमेदवाराचे मताधिक्य किती होते? तुमच्या वाड्यावर मतदार किती आहेत? दोन्ही आकड्यांची तुलना करा.
4. तुमच्या गावाच्या राज्य सरकारशी संबंधित अशा तीन गरजा महत्त्वाच्या क्रमाने लिहा आणि त्यांवर घरात चर्चा करा.