कुंकवाचा रंग आणि ६०० वॅटचा दिवा

चिरंजीव पुतण्यास अंबडहून काकाचे अनेक आशीर्वाद.

लग्नकार्ये, मुलाखती आणि लघुपट यांच्या चित्रणासाठी लागणारा एलईडी दिवा केवळ वॅटच्या आकड्यावरून निवडण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, ती चुकीची आहे. आणि त्या रीतीपायी घरातली सोन्याची एकदाणी गहाण पडत असेल, तर तिला नुसती चूकही म्हणता येत नाही. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन घालून परतलेल्या सोयऱ्याने परवा जे सांगितले त्याची शहानिशा अद्याप झालेली नाही, परंतु ६०० वॅटच्या दिव्यासाठी चिरंजीवाने हप्ते बांधून घेतले आणि पहिल्या भरण्यासाठी वहिनींची, म्हणजे चिरंजीवाच्या आईची, एकदाणी सोनाराकडे गेली, हे कानी आल्यापासून येथे कोणाला अन्न गोड लागलेले नाही. दादांच्या ऑपरेशनच्या वेळीही ती मोडली गेली नव्हती, हे चिरंजीवास वेगळे सांगावे लागू नये.

वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे. चेहऱ्यावर प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते लक्स या एककात मोजतात, आणि तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. म्हणूनच ४ फुटांवर ठेवलेला ६० वॅटचा दिवा जेवढे काम करतो, तेवढेच १२ फुटांवरून करून घ्यायचे तर, बाकी सारे सारखे धरल्यास, नऊपट म्हणजे ५४० वॅटचा दिवा लागतो. याचा सरळ अर्थ असा, की वहिनींची एकदाणी आठ फूट पुढे न सरकण्याच्या आळसापायी गेली. भर उन्हाशी टक्कर द्यायची असेल किंवा वाड्याच्या खिडकीतून खोटे ऊन आत सोडायचे असेल, तर मोठा दिवा लागतो हे मान्य. पण असे प्रसंग वर्षातून किती येतात, आणि त्या दिवसापुरता तो भाड्याने का आणता येऊ नये, याचे उत्तर चिरंजीवाने स्वतःलाच द्यावे. ६० वॅटचा दिवा ९९ वॅट-तासांच्या बॅटरीवर सुमारे दीड तास चालतो, त्यामुळे मांडवातली वीज गेली तरी मंगलाष्टके अंधारात होत नाहीत.

खरी पारख रंगाची आहे. पांढरा दिसणारा एलईडी बहुधा मुळात निळा असतो आणि त्यावर चढवलेला पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा उजेड देणारा लेप, त्या निळ्यात मिसळून पांढरेपणाचा भास निर्माण करतो. या घडणीत गडद लाल रंग तोकडा पडतो. सीआरआय नावाचा जो रंगनिष्ठेचा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो, तो आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असून, आर९ हा गडद लाल नमुना त्या सरासरीत धरलेलाच नसतो. म्हणून सीआरआय बरा असूनही शालू विटकरी आणि नवरी आजारी दिसू शकते. कॅमेऱ्याच्या नजरेने रंग तपासणारा टीएलसीआय हा निर्देशांक अधिक उपयोगी असला, तरी आपल्याकडच्या कामाला त्याहूनही सोपी कसोटी आहे: दुकानात जाताना एका ताटलीत हळद आणि कुंकू न्यावे, ते आधी दाराशी सावलीत आणि मग दिव्याखाली धरून, दोन्ही वेळा व्हाइट बॅलन्स त्या त्या उजेडाला जुळवून चित्रण करावे, आणि कुंकू तपकिरी व हळद हिरवट दिसू लागली तर दुकानदार काहीही म्हणो, उठून यावे. हळदीच्या उधळणीचे स्लो मोशन करणाऱ्याने दिवा दहा टक्क्यांवर आणूनही चित्रण तपासावे, कारण काही दिवे मंद होण्यासाठी भराभर उघडझाप करतात, आणि डोळ्यांना न दिसणारी ती उघडझाप स्लो मोशनमध्ये पट्टे होऊन उमटते.

दिवा निवडण्यात चूक करणारे चिरंजीव या घराण्यातले पहिले नव्हेत. १९९० च्या दशकात, व्हीएचएस कॅसेटच्या काळात, पत्रलेखकाने १००० वॅटची सनगन, म्हणजे लग्नात हातात धरून फिरवायचा हॅलोजन दिवा, कॅमेऱ्यासह घेतली होती आणि त्यासाठी बैलजोडीतला एक बैल विकला गेला होता. त्या वर्षीची पेरणी सावडीवर झाली आणि चिरंजीवाच्या आजोबांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते. आजीची चालतीबोलती छबी घरात एकच आहे, एका पुतणीच्या लग्नातली, तीन-चार सेकंदांची. तीत सनगनचा झोत अंगावर येताच आजीने पदर डोळ्यांवर ओढला आहे. चेहरा नाही. बैलाच्या किमतीचा उजेड आणि त्यात आईचा चेहरा नाही, एवढेच त्या धंद्याचे संचित.

सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ची छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी केलेली प्रकाशयोजना, झोत थेट अंगावर न टाकता उजेड कसा द्यावा यासाठी, पाहण्यासारखी आहे. स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर त्यांनी कापड ताणून धरले आणि दिव्यांचा उजेड त्यावर मारून खाली पसरवला, त्यामुळे आभाळाचाच उजेड चौकात उतरल्यासारखे वाटते. चिरंजीवाच्या घरी पांढरी चादर आहे, थर्माकोल आहे, बटर पेपर तर अगदी स्वस्त आहे.

दिवा आलाच असेल तर परत करण्याची घाई करू नये, आणि वरील शब्द कठोर वाटले असतील तर ते काळजीपोटी आले असे समजावे. सोनाराच्या पावतीवरचा आकडा तेवढा कळवावा. एकदाणी सोडवण्याची तजवीज येथून होईल आणि दादांच्या कानावर काही जाणार नाही. एकदाणी घरी आली की ओसरीवर चादर बांधून, दिवा अगदी मंद करून त्या चादरीकडे वळवावा, वहिनींना समोर बसवावे, आणि त्या डोळे न मिटता काही बोलत असतील तोवर कॅमेरा बंद करू नये. मत्स्योदरी देवीच्या नवरात्रापूर्वी ते चित्रण घेऊन अंबडला यावे, वहिनींनाही आणावे; मात्र रात्रीची एसटी धरू नये.