गुण मोजणाऱ्या कोडचीही परीक्षा

शिक्षक मित्रांनो, सरावचाचणीचं पान बनवलंत, की गुण मोजणारं जावास्क्रिप्ट आधी तपासा. मुलाचा गुण त्यावर आहे. माझ्या तपासणीत एकदा लूप संपेचना. पान गोठलं, बटणही दाबलं जाईना. पान दाखवणं आणि कोड चालवणं एकाच धाग्यावर होतं ना! आता मी तपासण्या वेब वर्करमध्ये चालवतो, जणू मागच्या खोलीत. निकाल पोस्टमेसेजने येतो. ५ सेकंदांत नाही आला, तर पानावरून टर्मिनेट.

वर्करला डॉक्युमेंट दिसत नाही, म्हणून चौकोन हिरवा झाला का ते तिथे कळत नाही. हिशेब मात्र कळतो. ५ – ५ किती? चौकोन रिकामा, तरी गुण मिळत होता! नंबर फंक्शन रिकाम्या मजकुराचं ० करतं. तपासणीने ते पकडलं.