पिशवी गेली, अंग पुन्हा खाली आलं

"परत आलंय गं," मोरीच्या दाराआडून आईचा आवाज आला. गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

अंग बाहेर येतंय हे घरात सांगायलाच तिला नऊ वर्षं लागली होती. लघवीला बसलं की आधी बोटांनी अंग आत सारायचं, मग धार सुटायची. उरण नाक्यावरून मासळी घेऊन घरी पोचेपर्यंत मांड्यांमध्ये चेंडू अडकल्यासारखं व्हायचं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये जगाला सांगितलं, की त्यांतल्या ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे. पनवेलसारख्या शहरातली आईसुद्धा त्या बायकांसारखीच सोसत राहिली.

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी फाइलवरची नजरही उचलली नाही. "या वयात पिशवी हवीय कशाला? काढू, विषय संपेल." पुन्हा खाली येणार नाही ना, असं मी विचारलं. "नेटवर वाचून येत जाऊ नका!" तिथे आईने माझा हात दाबून मला गप्प केलं. ते आजही सलतं.

ऑपरेशननंतर अंग परत आलं, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरबाईंनी डिस्चार्ज कार्ड उलटसुलट पाहिलं. पिशवी काढल्याची नोंद होती. योनीचं वरचं टोक कशाला बांधलं, पुढची-मागची भिंत शिवली का, याबद्दल एक अक्षर नाही. मग त्यांनी आम्हाला समजावलं. बाळंतपणं, जुना खोकला, कुंथणं, जड ओझी यांनी पिशवीला धरणारे बंध आणि खालचे स्नायू सैल पडतात, म्हणून ती घसरते. पिशवी काढली तरी सैल बंध सैलच राहतात. वरचं टोक माकडहाडाजवळच्या मजबूत बंधाला टाचून घेतलं नाही, तर पुढे तेच खाली येऊ शकतं. एवढं सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. पहिल्या डॉक्टरांकडे ती पाच मिनिटं नव्हती!

पिशवी न काढता वर टांगायच्या शस्त्रक्रिया तर मुंबईच्याच शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या नावांनी ओळखल्या जातात. त्या मुख्यतः तरुण बायकांसाठी, आईला लागू पडल्याच असत्या असं नाही. पण अंग वर धरून ठेवायला आत बसवायची साधी रिंगही तिला कुणी दाखवली नाही.

तेव्हा बायांनो, "पिशवी काढल्यावर वरचं टोक कशाला बांधणार?" हे आधी विचारा आणि ऑपरेशनची सविस्तर नोंद लेखी मागून घ्या. आधारासाठी कृत्रिम जाळी सुचवली तर ती पोटातून बसवणार की योनीमार्गातून, हे विचारा. या दुखण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये थांबवली. बद्धकोष्ठ अंगावर काढू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून करा. आणि लाजू नका.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईनेच विचारलं, "बाई, टाका कुठे घालणार?" डॉक्टरबाईंनी चित्र काढून दाखवलं. तो कागद आईने रेशनकार्डासोबत जपून ठेवलाय.